उन्हाळ कांदा: लगेच विकावा की चाळीत ठेवावा?

एप्रिल-मेमध्ये कांदा निघाला की निफाड, चांदवड, येवल्याकडे घरोघरी हाच प्रश्न असतो. चाळ म्हणजे कांदा साठवायची हवेशीर शेड. निर्णय भावावर ठरतो असं आपण म्हणतो. मला वाटतं, त्याआधी तो स्वतःवरच्या विश्वासावर ठरतो.

लगेच विकणारा लासलगावच्या कांदा बाजारात ट्रॅक्टर रिकामा करतो, सोसायटीचं कर्ज आणि खतवाल्याची उधारी फेडतो. बाजार आपल्या हातात नाही, हे त्याच्या मनात पक्कं असतं. म्हणून तो हमीभाव मागतो, सरकारी खरेदी मागतो. त्याला भित्रा म्हणणं मला अजिबात पटत नाही. डोक्यावर कर्ज असलं की भल्याभल्यांचा आत्मविश्वास खचतो. गाठीला पैसा असणाऱ्याला थांबणं सोपं जातं.

चाळीत ठेवणाऱ्याला आपल्या कामाची खात्री असते. कांदा नीट सुकवलाय, जोड (जुळे) आणि डेंगळे (फुलाचा दांडा आलेले) कांदे निवडून काढलेत, चाळीला खालून हवा आहे. चार-पाच महिने थांबायचं बळ त्यातूनच येतं. सरकारनं बाजारात हात घालू नये, असं तो ठासून सांगतो. पण चाळीवरचा भरवसा नकळत भावावरच्या भरवशात बदलतो, आणि धोका तिथेच आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं ४० टक्के निर्यातशुल्क लावलं, तेव्हा उत्तम टिकवलेला कांदाही त्याच फटक्यात सापडला.

माझं मत विचाराल तर देणी फिटतील एवढा माल आधी विकावा. उरलेला चाळीत ठेवावा, तोही सुकवण चोख असेल तरच.