निकालाच्या दिवशी आयोगाचे संकेतस्थळ : उशिरा, पण फेरीसकट

23 नोव्हेंबर 2024 रोजी महाराष्ट्र विधानसभेच्या 288 जागांची मतमोजणी सुरू झाली, तेव्हा माझ्यासमोर दोन पडदे होते : मोबाइलवर एका मराठी वृत्तवाहिनीचे ॲप आणि संगणकावर भारत निवडणूक आयोगाचे निकालाचे संकेतस्थळ. दोन्ही सेवा मोफत आहेत आणि दोन्हींवर दिवसभर ताजे आकडे मिळतात. तरीही दुपारी मी ॲप बंद केले आणि संकेतस्थळावरच थांबलो, त्याची कारणे येथे नोंदवतो.

ॲपबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. सकाळी आठ वाजता टपाली मतांची मोजणी सुरू होते आणि यंत्रांतील मते साडेआठच्या पुढे मोजायला घेतली जातात. या ॲपवर मात्र पहिल्या काही मिनिटांतच कितीतरी जागांचे ‘कल’ झळकू लागले होते. आमच्या मतदारसंघातील एक उमेदवार सकाळभर आघाडीवर दिसत होता, परंतु ती आघाडी किती मतांची आणि कितव्या फेरीअखेरची, याचा उल्लेख कोठेच नव्हता. जेवणाच्या वेळी तेथे दुसरेच नाव आले. आधीची माहिती चुकीची होती की मोजणीच पालटली होती, हे समजण्यास काहीही मार्ग नव्हता.

आयोगाच्या पानावर आकडा तुलनेने उशिरा येतो, पण तो आपल्या फेरीसकट येतो, आणि या सेवेचे खरे मोल त्यातच आहे. मतमोजणीच्या सभागृहात एका मतदारसंघासाठी साधारणपणे 14 टेबले मांडलेली असतात व एका फेरीत तितक्याच केंद्रांची यंत्रे उघडली जातात. म्हणजे 350 केंद्रांच्या मतदारसंघात 25 फेऱ्या होतात. ही केंद्रे अनुक्रमांकानुसार येत असल्यामुळे सुरुवातीच्या फेऱ्या बहुधा मतदारसंघाच्या एकाच टोकाच्या असतात, आणि तेथे ज्याचे वजन आहे तो काही काळ मोठा दिसतो. कर्जत-जामखेड हा तर दोन तालुक्यांचा मतदारसंघ. तेथे अखेरीस रोहित पवार अवघ्या 1,243 मतांनी निवडून आले. अशा ठिकाणी ‘आघाडीवर’ हा शब्द फेरीच्या आकड्याशिवाय वाचण्यात काही अर्थ नसतो. साकोलीत नाना पटोले यांचे मताधिक्य 208 होते आणि मालेगाव मध्यमध्ये एमआयएमच्या मुफ्ती मोहम्मद इस्माईल यांचे केवळ 162. येथे प्रत्येक उमेदवारापुढे यंत्रातील मते, टपाली मते आणि एकूण बेरीज असे वेगळे रकाने असल्याचा उपयोग पटतो, कारण इतक्या अटीतटीच्या लढतीत टपाली मतांचा लहानसा गठ्ठासुद्धा दुर्लक्षिण्याजोगा राहत नाही. उलट शिरपूरसारख्या ठिकाणी, जेथे काशीराम पावरा यांचे मताधिक्य 1,45,944 वर गेले, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतर पान पुन्हा उघडण्याचे कारणही उरले नसावे.

पक्षनिहाय तक्त्याबाबत माझे मत दिवसभरात बदलले. आयोग प्रत्येक पक्ष स्वतंत्र दाखवतो, आघाड्यांची बेरीज करत नाही. महाराष्ट्रात दोन शिवसेना आणि दोन राष्ट्रवादी असताना ही मांडणी नवख्या वाचकाला गोंधळात टाकते, आणि भाजप 132, शिवसेना 57 व राष्ट्रवादी 41 यांची बेरीज करून महायुतीचे 230 हे संख्याबळ आपल्यालाच काढावे लागते. बहुमताला 145 पुरेसे असल्याने ही बेरीज कागद-पेन्सिलीविनाही होण्यासारखी होती, हा भाग वेगळा. मतदानोत्तर चाचण्यांपैकी बहुतेकांनी महायुतीला पुढे धरले होते, पण एवढे पुढे नव्हे. सायंकाळी मात्र चर्चा विरोधी पक्षनेतेपदाकडे वळली आणि हीच स्वतंत्र मांडणी कामाला आली. प्रथेप्रमाणे त्या पदासाठी सभागृहाच्या एकदशांश, म्हणजे 29 आमदार एका पक्षाकडे असावे लागतात. तक्त्यात शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) 20, काँग्रेस 16 आणि राष्ट्रवादी (शरदचंद्र पवार) 10 असे आकडे एकाखाली एक वाचताच प्रश्न कोठे अडणार आहे ते स्पष्ट झाले. आघाड्यांचे दोन रंगीत चौकोन मिरवणाऱ्या ॲपवर ते कधीच दिसले नसते.

मतांच्या टक्केवारीचे वर्तुळ मात्र मला अपुरे वाटते. त्यात काँग्रेसचा वाटा 12.42 टक्के आणि शिंदे यांच्या शिवसेनेचा 12.38 टक्के दिसतो, पण जागा 16 आणि 57; शरद पवारांच्या पक्षाला 11.28 टक्के मते व 10 जागा, तर अजित पवारांच्या पक्षाला 9.01 टक्के मते व 41 जागा. ही टक्केवारी संपूर्ण राज्यातील मतांवर काढलेली असते, म्हणून ज्या पक्षाने अधिक जागा लढवल्या त्याचा वाटा आपोआप फुगतो. काँग्रेसने शंभराहून अधिक उमेदवार दिले होते, शिंदे यांच्या पक्षाने सुमारे ऐंशी. पक्षाने किती जागा लढवल्या हा एक रकाना वर्तुळाशेजारी दिला, तर निम्मे गैरसमज जागीच मिटतील. या वर्तुळाची छायाचित्रे काढून दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते पुढे किती दिवस भांडत राहिले, हे ज्यांच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात दोन्ही मतांचे काका आहेत त्यांना सांगायला नको.

उमेदवारांच्या यादीत ‘नोटा’लाही स्वतःची ओळ आहे, याची कमी लोक दखल घेतात; 162 किंवा 208 मतांच्या लढतीत ती ओळ मी मुद्दाम पाहिली.

एकंदरीत मी या सेवेला पाचपैकी चार गुण देईन. एक गुण कापला तो केंद्रनिहाय मतांसाठी. आपल्या गावातील शाळेच्या केंद्रावर कोणाला किती मते पडली, हे ‘फॉर्म 20’ मध्ये असते आणि तो फॉर्म नंतर राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर वेगळा शोधावा लागतो. मतदारसंघाच्या निकालाखालीच त्याचा दुवा दिला, तर तो पाचवा गुणही मी आनंदाने देईन.