घरचा काटा की दवाखान्यातला?

परळच्या मावशीचा फोन आला, "माझं वजन घरी ६२ किलो भरतं, दवाखान्यात ६४. खरं कुठलं धरू?"

दोन्ही खरी असू शकतात. घरी ती सकाळी उपाशीपोटी, गाऊनवर काट्यावर उभी राहते. दवाखान्यात जाते संध्याकाळी, चहापाणी करून, साडी-चपलांसकट, खांद्याला पर्स. नुसतं लिटरभर पाणी म्हणजेच १ किलो!

अचूकपणात दवाखान्यातला काटा सरस, पण वेळोवेळी तपासून घेतलेला असेल तरच. घरचा डिजिटल काटा पायपुसण्यावर किंवा उतारावर ठेवला की चुकतो. मावशीचा मोरीच्या उताराशीच होता. सपाट लादीवर ठेवून तिला आधी नुसतं, मग ५ किलो आट्याची न फोडलेली पिशवी घेऊन उभं राहायला लावलं. फरक ५.१ आला, म्हणजे काटा कामाचा आहे.

वजन उतरतंय का हे बघायला घरचाच बरा, रोज त्याच वेळी. हृदयविकारामुळे अंगात पाणी साठत असेल त्यांनाही तोच; तीन दिवसांत २ किलोंहून जास्त वाढलं तर लगेच डॉक्टरांना कळवा. लहान मुलाच्या औषधाचा डोस किंवा ऑपरेशनची भूल ठरवायची असेल, तर मात्र दवाखान्यातलंच वजन धरा.