माद्रिदचं लाल कार्ड आणि निळ्या बस: काही महिन्यांच्या वापरानंतर

माद्रिदला यायचं ठरलं की नातेवाईक आणि मित्रमंडळी आधी विचारतात ते "टुरिस्ट पास घेऊ का?" नवऱ्याच्या कामानिमित्त गेले काही महिने मी इथे राहते आहे. मधल्या काळात सांगलीहून आई-बाबाही येऊन राहून गेले. या सगळ्या अनुभवावरून माझं उत्तर ठाम आहे: बहुतेकांना पासची गरज नाही. तार्खेता मुल्ती नावाचं लाल कार्ड घ्या, त्यात दहा फेऱ्यांचं तिकीट भरा आणि सोबत वयस्कर माणसं असतील तर मेट्रोपेक्षा बसवर जास्त भर द्या.

कार्ड मेट्रो स्टेशनातल्या मशीनमधून २.५० युरोला मिळतं. त्यावर कुणाचं नाव नसतं, त्यामुळे घरच्या सगळ्यांत मिळून एकच पुरतं. दारापाशी माणसागणिक एकदा टेकवायचं, की तेवढ्या फेऱ्या वजा होतात. दहा फेऱ्यांचा मूळ दर १२.२० युरो आहे, अलीकडच्या वर्षांत सरकारी सवलतीमुळे तो आणखी खाली आला. हेच तिकीट शहरातल्या 'ए' झोनच्या मेट्रोत चालतं आणि ईएमटीच्या निळ्या सिटी बसमध्येही. मेट्रोत आत शिरलात की लाइन कितीही वेळा बदला, फेरी एकच धरतात. बसमध्ये मात्र प्रत्येक वेळी चढताना नवी फेरी जाते. टुरिस्ट पासला उलट दिवसाचे पैसे मोजायचे असतात. सकाळी एक संग्रहालय, दुपारी जेवून आराम, संध्याकाळी पायी फेरफटका असा आपल्या आई-वडिलांचा दिवस असेल, तर त्या दिवसात चार फेऱ्यासुद्धा होत नाहीत. दोन दिवसांत सगळं शहर पालथं घालणाऱ्या तरुण मंडळींना पास परवडेल, कारण विमानतळाचा अधिभारही त्यात धरलेला असतो.

महिनाभर राहणार असाल तर हिशेब बदलतो. ३० दिवसांच्या 'ए' झोन पासचा मूळ दर ५४.६० युरो, म्हणजे मूळ दरांनी पाहिलं तर महिन्याला ४५ फेऱ्या झाल्या की पास स्वस्त पडतो. त्यासाठी फोटो आणि नाव असलेलं वेगळं कार्ड काढावं लागतं, ते ४ युरोला मिळतं. मी माझ्यासाठी तेच काढलं आणि लाल कार्ड पाहुण्यांसाठी ठेवलं.

आता विमानतळ. आपल्याकडचे बरेच लोक आखाती देशांत विमान बदलून येतात. विमान टी४एस या उपटर्मिनलला लागलं, तर आधी जमिनीखालच्या चालकविरहित गाडीने टी४ या मुख्य टर्मिनलला यावं लागतं, तेवढा वेळ हाताशी ठेवा. तिथून मेट्रोची ८ नंबरची लाइन न्युएवोस मिनिस्तेरिओसला येऊन संपते, सोल या शहराच्या मध्यवर्ती चौकापर्यंत जात नाही. म्हणजे मोठ्या बॅगा घेऊन एकदा तरी गाडी बदलणं आलंच. शिवाय दहा फेऱ्यांच्या तिकिटावर विमानतळाच्या स्टेशनसाठी माणशी ३ युरो अधिभार वेगळा भरायचा. म्हणून मी सगळ्यांना २०३ नंबरची पिवळी एक्स्प्रेस बस सुचवते. तिकीट ५ युरो, चोवीस तास चालते, बॅगा ठेवायला रॅक आहेत आणि दिवसा थेट आतोचा स्टेशनपर्यंत नेते. रात्री ती सिबेलेस चौकातच थांबते, तिथून रात्रीच्या बस मिळतात. टी४वरून सेर्कानियास, म्हणजे इथली लोकल, हाही चांगला पर्याय आहे: चामार्तिन, न्युएवोस मिनिस्तेरिओस आणि आतोचा सगळं एकाच गाडीत. फक्त दहा फेऱ्यांचं तिकीट तिच्यात चालत नाही. चौघं असाल, पहाटे उतरत असाल, तर सरळ टॅक्सी करा. विमानतळ ते एम-३० रिंगरोडच्या आतला कुठलाही पत्ता, असा ठरलेला दर असतो, त्यामुळे मीटरकडे बघत बसावं लागत नाही.

मेट्रोबद्दल माझ्या मनात खरंच आदर आहे. सकाळी ६ ते रात्री दीड, स्वच्छ, गाड्या पाठोपाठ. १९१९ साली सोल ते कुआत्रो कामिनोस ही पहिली लाइन सुरू झाली, तेव्हा शहरातली वाहनं डावीकडून चालत. १९२४ मध्ये रस्ते उजवीकडे गेले, मेट्रो मात्र आजही डाव्या बाजूनेच धावते. आपल्याला ते सवयीचं वाटतं. चांबेरी हे १९६६ मध्ये बंद केलेलं जुनं स्टेशन आता संग्रहालय आहे, प्रवेश मोफत. जरूर पाहा. टाइल्सवरच्या जुन्या जाहिराती बघून बाबा तिथून हलायला तयार नव्हते.

पण गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी ही मेट्रो अवघड आहे. सगळ्या स्टेशनांना लिफ्ट नाही. लाइन बदलताना लांबलचक बोगदे आणि जिने लागतात, आणि ६ नंबरच्या लाइनचं कुआत्रो कामिनोस तर जमिनीखाली सुमारे ४५ मीटर आहे. निघण्यापूर्वी नकाशावर लिफ्टची खूण बघून घ्या. वळणावरच्या स्टेशनांत डबा आणि फलाट यांत चांगलीच फट असते, तिथे आजीआजोबांचा हात धरावा. जुन्या गाड्यांची दारं आपोआप उघडत नाहीत, खटका वर करावा लागतो किंवा बटण दाबावं लागतं.

बसमध्ये यातलं काहीच नाही. चढायची पायरी जमिनीलगत, व्हीलचेअरसाठी रॅम्प, पुढच्या दारातून चढायचं आणि मधल्या दाराने उतरायचं. बस दिसली की हात दाखवायचा. कार्ड नसेल तर बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवून १.५० युरोत एक फेरी होते. आईची आवडती बस २७ नंबर. एम्बाखादोरेसहून निघते आणि आतोचा, प्राडो संग्रहालय, सिबेलेस, कोलोन करत कास्तेयाना रस्त्याने प्लासा दे कास्तियाला जाते. खिडकीजवळ बसून निम्मं शहर पाहून होतं. सोमवार ते शनिवार संध्याकाळी ६ ते ८ प्राडोत प्रवेश मोफत असतो, तेव्हा आम्ही हीच बस पकडायचो. आतोचा ते मोनक्लोआ या मार्गावर ००१ नंबरची बस तर पूर्ण मोफत आहे, तिच्यासाठी कार्डही काढायला नको.

जुलै-ऑगस्टमध्ये येणार असाल तर दुपारी बारा ते सहा बाहेर पडू नका. शिवाय उन्हाळ्यात मेट्रोच्या काही टप्प्यांत दुरुस्ती काढतात, त्यामुळे आदल्या दिवशी मार्ग चालू आहे ना हे बघावं. गर्दीच्या डब्यात आणि सोलच्या जिन्यांवर पर्स पुढे घ्या, पासपोर्ट घरी ठेवा.

बाहेरगावच्या एका दिवसाच्या सहलींत तोलेदोला आतोचाहून रेल्वेने जा, अर्ध्या तासात पोहोचता. सेगोवियाला मात्र मी बसच सांगेन. रेल्वे वेगवान आहे खरी, पण तिचं स्टेशन गावाबाहेर आहे आणि तिथून पुन्हा दुसरी बस धरावी लागते. मोनक्लोआच्या बसस्थानकातून सुटणारी बस रोमन जलसेतूपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर सोडते. एल एस्कोरियालच्या राजवाडा-मठाकडे जाणाऱ्या ६६१ आणि ६६४ नंबरच्या बसही मोनक्लोआहूनच सुटतात.