एसएसडीटीटाइम : टेबलं चोख, पण जोडणी तुमची तुम्ही बघा

असेम्बल केलेल्या पीसीवर ओपनकोअर हा बूटलोडर वापरून मॅकओएस चालवायचं, तर एसीपीआय टेबलांना (बोर्डावरच्या हार्डवेअरची ओएसला ओळख करून देणाऱ्या तक्त्यांना) बगल देता येत नाही. इकडून तिकडून उचललेल्या तयार एसएसडीटीचं (मूळ टेबलाला जोडायच्या पूरक टेबलाचं) घोडं बहुधा पाथवर, म्हणजे त्यात लिहिलेल्या डिव्हाइसच्या पत्त्यावर अडतं. फाइलमध्ये डिव्हाइसचं नाव पीसीआय०, तर नव्या इंटेल बोर्डात पीसी००. एएमडीच्या काही बोर्डांवर एलपीसीबीच्या जागी एसबीआरजी. नाव जुळलं नाही की टेबल निमूटपणे बाद. एसएसडीटीटाइम ही पायथन स्क्रिप्ट तुमच्याच बोर्डाचं डीएसडीटी (बायोसमधलं मूळ टेबल) वाचून पाथ भरते, आणि तेवढ्या कामात तिला तोड नाही.

डीएसडीटीचा डम्प (प्रत) विंडोज किंवा लिनक्समधून घ्या, पण मशीन ओपनकोअरमार्फत बूट करू नका. नाहीतर आधीच पॅच झालेलं टेबल हाती येतं. बायोस अपडेट केलं की डम्प पुन्हा घ्यायचा. आणि ते डीएसडीटी फक्त वाचायला. एसीपीआय फोल्डरमध्ये टाकायचं नाही, कारण बायोसची सेटिंग बदलली की त्यातले मेमरीचे पत्ते चुकू शकतात.

मेनूत 'फेक ईसी'चे दोन पर्याय आहेत; ईसी म्हणजे बोर्डावरचा एम्बेडेड कंट्रोलर. डेस्कटॉपचा पर्याय मूळ ईसी मॅकओएसपुरता बंद करतो. तोच लॅपटॉपवर लावलात, तर बॅटरीचं रीडिंग आणि हॉटकी गेल्याच म्हणून समजा. इंटेलच्या ३०० सिरीजच्या बोर्डांना एडब्ल्यूएसी (सिस्टीमच्या घड्याळासाठीचं टेबल) लागतं, आणि झेड३७० सोडून बाकीच्यांना एनव्हीरॅमसाठी, म्हणजे सेटिंग जपणाऱ्या मेमरीसाठी, पीएमसी हे टेबलही. कुठल्या चिपसेटला काय हवं, हे स्क्रिप्ट शिकवत नाही. मागाल ते बनवून देते. नवख्यांची गोची इथेच होते.

खरी मेख 'फिक्स एचपीईटी' या टायमरसाठीच्या पर्यायात आहे. एएमएल फाइलसोबत (तयार झालेल्या टेबलासोबत) सीआरएस या डिव्हाइसच्या रिसोर्सेसच्या यादीचं नाव एक्ससीआरएस करणारा रिनेम पॅचही तयार होतो, पण तो असतो 'रिझल्ट्स' फोल्डरमधल्या पॅचेस_ओसी.पीलिस्टमध्ये. लोक फाइल कॉपी करतात आणि पॅच विसरतात. मग सीआरएस दोनदा येतं, नवं काही लागू होत नाही, आयआरक्यूचा (इंटरप्ट क्रमांकांचा) तंटा तसाच राहतो आणि ऑनबोर्ड ऑडिओ मुका. एसएसडीटीटाइमसोबत आलेलं पॅचमर्ज चालवलं, की पॅच ओपनकोअरच्या कॉन्फिगमध्ये जातो आणि हे टळतं. मात्र ओपनकोअर पॅच आणि टेबलं त्याच्यामार्फत बूट होणाऱ्या प्रत्येक ओएसला लावतं, विंडोजलाही; म्हणून हाताने एखादं टेबल वाढवलंत तर त्यात 'डार्विन'ची, म्हणजे फक्त मॅकओएसपुरतं लागू होण्याची, अट घालाच.

पुढे प्रॉपरट्री या पीलिस्ट एडिटरमध्ये ओसी स्नॅपशॉट घेऊन फाइली कॉन्फिगमध्ये नोंदवा, मग ओसीव्हॅलिडेट हे तपासणीचं टूल चालवा. पण ओसीव्हॅलिडेट कॉन्फिगच तपासतं, एएमएलच्या पोटात काय आहे ते पाहत नाही. त्यासाठी बूट झाल्यावर आयओरजिस्ट्रीएक्सप्लोरर (मॅकओएसला दिसणाऱ्या डिव्हाइसची यादी दाखवणारं अ‍ॅप) उघडून ईसी दिसतंय का, तेवढं बघा.