दुसऱ्याचं म्हणणं ग्रुपवर मांडताना: रिप्लाय, कॉपी-पेस्ट, स्क्रीनशॉट की आपल्या शब्दांत?

बेळगावात एकेकाच्या मोबाईलवर किती ग्रुप असतात बघा, गल्लीचा, मंडळाचा, शाळेच्या बॅचचा, भिशीचा, पाहुण्यांचा, आणि सीमाप्रश्नाचे तर वेगळेच. त्यात रोज कोणीतरी कोणाचं तरी म्हणणं उचलून दुसरीकडे नेत असतंय, आणि मग जी भांडणं लागतात ती मुद्द्यावरनं कमी आणि "मी असं म्हटलंच नव्हतं" यावरनंच जास्त. म्हणून दुसऱ्याचं म्हणणं मांडायचे जे चार-पाच मार्ग आपण वापरतो त्यातला कुठला कधी घ्यावा हे एकदा नीट लिहून काढतोय. जे ग्रुपचे अ‍ॅडमिन आहेत किंवा फेसबुकवर वादात उतरतात त्यांना जास्त उपयोग होईल.

एकच उदाहरण धरूया म्हणजे फरक कळेल. समजा शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीआधी मंडळाच्या ग्रुपवर एका काकांनी लिहिलं, "डीजे लावायला माझी ना नाही, पण रात्री दहानंतर बंद करा, गल्लीत म्हातारी माणसं हायत आणि नियम पण तसाच हाय की." (नियम खरंच आहे, ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकरला बंदी आहे, वर्षातले मोजके दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं.) आता हेच वाक्य वेगवेगळ्या मार्गांनी पुढं गेलं की काय होतं ते बघा.

सगळ्यात आधी कॉपी-पेस्ट, कारण खरा घोळ तिथंच होतो. कोणीतरी दुसऱ्या ग्रुपवर टाकतो, काका म्हणतात, "डीजे... बंद करा." यातला एक शब्दही खोटा नाही. सगळे शब्द काकांचे, क्रम पण काकांचाच, फक्त मधे तीन टिंबं आली आणि ना नाही म्हणणारा माणूस डीजेचा विरोधक झाला. काकांनी नाही कसं म्हणायचं सांगा, शब्द तर त्यांचेच आहेत! सरळ खोटं बोललं तर निदान "हे मी लिहिलंच नाही" म्हणता येतं, असं तोडलेलं वाक्य मात्र माणसाला स्वतःच्याच शब्दांत अडकवतं, आणि म्हणून मला ते खोट्यापेक्षाही वाईट वाटतं. टिंबं वापरू नका असं नाही. "नमस्कार मंडळी", "काल पण सांगितलं होतं" असलं गाळायला काहीच हरकत नाही. पण "पण", "जर", "तरच", "सोडून" हे शब्द आणि त्यांच्या मागं येणारी अट कधीच गाळू नका, माणसाचं खरं म्हणणं बहुतेक वेळा "पण"च्या पुढंच असतंय. निदान एक अख्खं वाक्य घ्या. ते लांब वाटत असेल तर कॉपी-पेस्ट सोडा, आपल्या शब्दांत लिहा.

आता आपल्या शब्दांत सांगण्याबद्दल लोकांचा उगीच गैरसमज आहे की ते कमी भरवशाचं. अवतरणचिन्हात टाकलं की खरं, आपल्या शब्दांत सांगितलं की तिखटमीठ लावलं. पण "काकांचं म्हणणं, डीजे चालेल पण दहापर्यंतच" हे बघा. काकांच्या वाक्यापेक्षा छोटं आहे आणि वरच्या टिंबांच्या कोटपेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे. कसोटी एकच, स्वतः काका वाचून "होय, हेच म्हणायचं होतं मला" म्हणतील का. खात्री नसेल तर पोस्ट करायच्या आधी त्यांनाच पाठवून विचारा, "काका, तुमचं म्हणणं असं मांडलं तर बरोबर होईल का?" दोन मिनिटांचं काम आहे. आणि आपले शब्द अवतरणचिन्हात कधीच घालू नका. "काका म्हणाले की" असं लिहून पुढं आपलं वाक्य अवतरणात टाकायची बऱ्याच जणांना सवय आहे, वाचणाऱ्याला वाटतं हे काकांचेच शब्द, आणि मग तेच वाक्य पुढच्या ग्रुपवर काकांच्या नावानं फिरतं.

व्हॉइस नोट असेल तर बहुतेक हाच मार्ग घ्यावा लागतो, पाच मिनिटांचं बोलणं अख्खं कोण टाईप करणार. पण ज्या वाक्यावर वाद आहे ते ऐकून जसंच्या तसं लिहा आणि किती मिनिटाला आहे ते पण सांगा, "१:२० ला ऐका" एवढं पुरतं.

रिप्लाय दाबून उत्तर देणं हा त्याच ग्रुपात असाल तर माझ्या मते सगळ्यात सरळ मार्ग. मूळ मेसेज नावासकट वर दिसतो, टॅप केलं की तिथंच जाता येतं, आणि महत्त्वाचं म्हणजे ज्याचं म्हणणं आहे तो समोर हजर असतो, लगेच खोडून काढू शकतो. तोटा एवढाच की लांब मेसेज असेल तर वर फक्त सुरुवातीच्या ओळी दिसतात, म्हणजे अट शेवटी असली तर ती टॅप केल्याशिवाय दिसत नाही, आणि टॅप करणारे थोडेच. अशा वेळी कुठल्या वाक्याला उत्तर देताय ते खाली एका ओळीत लिहा. टेलिग्रामवर मेसेजमधला हवा तो भाग निवडून रिप्लाय करता येतो, ते सोयीचं आहे पण तिथंही निवडणारे आपणच, म्हणजे वरचा "पण"चा नियम तिथंही लागू.

फॉरवर्डचं थोडक्यात सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपवर २०१८ पासून "फॉरवर्डेड" अशी खूण येते पण मूळ कोणी लिहिलं ते कळत नाही. शब्द शाबूत राहतात, माणूस गायब होतो. करायचंच असेल तर कोणाचं, कधीचं आणि कुठल्या चर्चेतलं ते खाली लिहा. आणि काकांनी एकट्या तुम्हाला पाठवलेलं असेल तर आधी विचारल्याशिवाय ग्रुपवर टाकूच नका. ही काही नवीन गोष्ट नाही, १९९५ साली इंटरनेटवरच्या शिष्टाचाराची जी नियमावली निघाली, आरएफसी १८५५, तिच्यातच हे सगळं आहे, दुसऱ्याचा मेसेज पुढं पाठवताना शब्द बदलू नका, खासगी असेल तर परवानगी घ्या, लहान करून घेतला तरी कोणाचा ते सांगा. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं, ईमेल होते, पण माणसं हीच.

स्क्रीनशॉट पुराव्यासारखा दिसतो म्हणून लोकांना तो आवडतो, आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते. कारण स्क्रीनशॉट म्हणजे पण तोडलेलंच, फक्त शब्दांऐवजी चर्चा तोडलेली. काकांच्या आधी कोणी काय विचारलं ते वर कापलं गेलं, नंतर काकांनी काय खुलासा केला ते खाली कापलं गेलं, आणि मधे ज्यांचा काही संबंध नाही अशा दोघातिघांचे नंबर नि डीपी उघड्यावर आले. शिवाय तो ज्या ग्रुपवर फिरतो तिथं काका नसतातच. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्यापासून १५ मिनिटांत मेसेज बदलता येतो, त्यामुळं काकांनी चूक सुधारली असली तरी स्क्रीनशॉटात जुनंच राहतं. पण धमकी दिली असेल, पैशाच्या व्यवहाराचा शब्द असेल किंवा लिहिलेलं डिलीट करून कोणी नाकारत असेल, तर स्क्रीनशॉटच घ्या, तिथं दुसरा मार्ग नाही. फक्त आधीचे नंतरचे मेसेज त्यात असू द्या आणि बाकीच्यांची नावं, नंबर झाका.

सीमाप्रश्नाच्या वादात तर हे सगळं रोज दिसतं. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावर तोडगा सुचवायला केंद्र सरकारनं महाजन आयोग १९६६ ला नेमला, अहवाल १९६७ ला आला. एक जण लिहितो, महाजननं २६४ गावं महाराष्ट्राला द्या म्हणून सांगितलं. दुसरा लिहितो, महाजननं बेळगाव कर्नाटकातच ठेवा म्हणून सांगितलं. दोघंही खरंच बोलायलेत, अहवालात दोन्ही आहे. निपाणी, खानापूर महाराष्ट्राला, बेळगाव शहर कर्नाटकात, शिवाय अक्कलकोट, दक्षिण सोलापूर कर्नाटकाला. महाराष्ट्रानं तो अहवाल मान्य केला नाही आणि २००४ ला सुप्रीम कोर्टात गेला. सीमाभागातल्या मराठी माणसाची बाजू मला मनापासून पटते, आणि म्हणूनच मला वाटतं की आपण अर्धा अहवाल सांगू नये. समोरचा उरलेला अर्धा काढतो आणि मग आपला बरोबर असलेला मुद्दा पण लोकांना संशयास्पद वाटायला लागतो. अख्खी शिफारस लिहा, मग "हे आम्हाला मान्य नाही, कारण" म्हणून पुढं आपलं म्हणणं वेगळ्या वाक्यात लिहा.

इथली अजून एक अडचण म्हणजे कन्नड. आमच्याकडं कितीतरी जणांना कन्नड बोलता येतं पण वाचताना अडखळतात, मग कोणा कन्नड भाषिकाची पोस्ट मोबाईलवर ट्रान्सलेट करून तेच मराठी त्याच्या नावानं अवतरणात टाकतात. तसं करू नका. मूळ कन्नड मजकूर तसाच पेस्ट करा आणि खाली "याचा अर्थ मला असा लागला" म्हणून मराठीत लिहा. ज्याला कन्नड वाचता येतं तो चूक असेल तर सांगेल, आणि त्या लिहिणाऱ्यालाही आपलं म्हणणं ओळखू येईल.

मग निवडायचं कसं? पहिल्यांदा बघा तो माणूस तिथं हजर आहे का. असेल तर रिप्लाय, डोळे झाकून. नसेल तर अख्खं वाक्य नावासकट, किंवा त्याला दाखवून आपल्या शब्दांत, आणि पोस्ट सार्वजनिक असेल तर सोबत लिंक पण. रागात असाल तर स्क्रीनशॉट काढून ठेवा हवं तर, पण त्या रात्री पाठवू नका. आणि एवढं करूनही कोणी म्हणालं की माझं चुकीचं मांडलंय, तर खाली कॉमेंटमध्ये खुलासा टाकून थांबू नका, कॉमेंट कोणी वाचत नाही. फेसबुकवर मूळ पोस्टच्या पहिल्या ओळीत दुरुस्ती लिहा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ज्या ज्या ग्रुपवर ते पाठवलं होतं त्या प्रत्येक ग्रुपवर दुरुस्ती पण पाठवा.