जनकपूरला निघालाय? ‘व्हिसा’चे पैसे देऊ नका

विवाहपंचमीला, म्हणजे राम-सीतेच्या लग्नाच्या तिथीला, नेपाळातलं जनकपूर दाखवतो म्हणून कोल्हापुरात महाद्वार रोडला परत पत्रकं वाटायला लागलेत. ज्यांच्या घरातली वयस्कर माणसं जायच्या तयारीत आहेत, त्यांनी हे वाचाच.

आमच्या आत्याच्या भजनी मंडळाकडून एका एजंटानं सहलीच्या रकमेवर माणशी १,८०० रुपये जादा घेतले. कारण काय, तर गाडी देशाची हद्द ओलांडते म्हणून ‘नेपाळ व्हिसा’ काढावा लागतो. त्या पैशात दिलं काय? लॅमिनेट केलेलं एक कार्ड. त्यावर फोटो, जांभळा गोल शिक्का आणि कुणाची ती वाचता न येणारी सही. वर सल्ला दिला, “मावशी, मतदान कार्ड घरीच ठेवा, प्रवासात हरवतंय. आधार असलं की बास.”

भारतीय माणसाला नेपाळात जायला व्हिसा लागतच नाही. लागतं ते मतदान कार्ड किंवा पासपोर्ट. १५ ते ६५ वयाच्या माणसाला तिथं नुसत्या आधारावर जाता येत नाही.

आत्याचं मंडळ जयनगरमार्गे गेलं. जयनगर हे बिहारच्या मधुबनी जिल्ह्यातलं सरहद्दीवरचं लहान गाव. मुंबईहून पवन एक्सप्रेस तिथवर जाते, पुढं जनकपूरला नेपाळ रेल्वेची गाडी. जयनगर स्टेशनवरच्या तपासनिसानं एजंटाचं ते कार्ड उलटंपालटं करून बघितलं, बाजूला ठेवलं आणि मतदान कार्ड मागितलं. साठीच्या आतबाहेरच्या ज्या बायकांकडं फक्त आधार होतं, त्यांना गाडीत चढूच दिलं नाही. आत्या त्यातलीच. जानकी मंदिरासाठी वर्षभर भिशीतून पैसे साठवले होते तिनं. बाकीच्या दर्शन घेऊन येईपर्यंत जयनगरच्या लॉजवर बसून राहिली. पैशापेक्षा याचीच चीड जास्त येते.

पैसे बदलतानाही तेच. एजंटाचा माणूस शंभराला नेपाळी १४० देत होता. १९९३ पासून शंभराला १६० हा दर ठरलेला आहे.

आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे, ग्राहक आयोगाकडंही जाणार आहोत. तुम्हीही अडकला असाल, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. यूपीआयनं पैसे भरले असतील तर त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. रोख दिले असतील आणि पावती नसेल, तर रागाच्या भरात ते कार्ड फाडून टाकू नका, पुरावा म्हणून तेवढंच हातात आहे.