कार्बन फायबरचा ट्रॅव्हल ट्रायपॉड: जानापाव, चोपता, पचमढी आणि पाच महिन्यांचा वापर

दसऱ्याच्या आठवड्यात घेतला होता, आता फेब्रुवारी संपत आलाय, म्हणजे लिहिण्याइतका वापर नक्की झालाय. हाच ट्रायपॉड बाजारात तीन-चार नावांनी मिळतो म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाहीये, वर्णनावरून ओळखाल: पाच सेक्शनचे पाय, फिरवून उघडायचे लॉक, छोटं बॉलहेड (कॅमेरा हव्या त्या बाजूला वळवायचा वरचा गोळ्याचा सांधा), पाय उलटे दुमडले की पिट्टूत, म्हणजे पाठीवरच्या बॅगेत मावतो. साडेअकरा हजार पडले. बॉक्सवर वजन १.२ किलो लिहिलंय, आमच्या किचनच्या काट्यावर कॅमेरा लावायच्या प्लेटसकट १.३६ भरलं.

घ्यायचं कारण म्हणजे दिवाळीनंतर बाबांना घेऊन उत्तराखंडात तुंगनाथच्या देवळाला जायचं ठरलं होतं. पावसाने हवेतली धूळ धुऊन निघते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात हिमालय जितका लख्ख दिसतो तितका मे महिन्यात दिसत नाही, पण त्यातही खरा कामाचा उजेड म्हणजे सूर्य उगवायच्या आधीची वीसेक मिनिटं आणि नंतरची दहा-पंधरा, आणि तेव्हा आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ठेवून एफ ८ ला (लेन्सचं छिद्र बारीक ठेवून) शटर एक-दोन सेकंदांवर जातं, तिथे हातात धरून काही होत नाही.

आधी सरावाला जानापावला नेला. चंबळ जिथून निघते ती टेकडी, महूच्या पुढे, इंदूरहून तास-सव्वा तासात पोचतो. संध्याकाळी वीस-बावीस डिग्री असेल, सगळे लॉक अगदी अलगद फिरत होते, बॉलहेड जिथे सोडलं तिथे थांबत होतं, मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं की पैसे वसूल. तिथेच माझी चूक झाली, कारण हा ट्रायपॉड कसा आहे ते जानापावला कळणारच नव्हतं.

कळलं चंद्रशिलेवर, तुंगनाथच्या वरच्या माथ्यावर. पायथ्याच्या चोपत्याहून पहाटे साडेतीनला निघालो, बाबा खाली खोलीवरच थांबले, गावातला एक मुलगा सोबत होता. तुंगनाथ ३,६८० मीटरवर आहे, हिवाळ्यासाठी कपाट (देवळाची दारं) बंद होऊन देवाची डोली खाली मक्कूमठला गेलेली होती, त्यामुळे देवळापाशी चिटपाखरू नव्हतं. तिथून वर पायवाटेवर बर्फाचा पातळ थर आणि बाटलीतल्या पाण्यात बर्फाच्या काड्या. वर पोचून पाय उघडायला घेतले तर खालचे दोन सेक्शन सुटेनात. पाच सेक्शन म्हणजे एका पायाला चार लॉक, तिन्हीचे मिळून बारा, आणि लोकरीच्या हातमोज्यातून ते बारीक रबरी कडं पकडीतच येत नाही. हातमोजे काढले, बोटं बधिर झाली, तोवर उत्तरेला चौखंबा शिखराच्या टोकावर गुलाबी यायला लागलेलं. शेवटी खालचे दोन सेक्शन तसेच मिटलेले ठेवले आणि गुडघ्यावर बसून फोटो काढले. बॉलहेडचं तर त्याहून वाईट, आतलं ग्रीस थंडीने घट्ट झालं होतं, जोर लावला की एकदम सरकायचं, आणि ७०-३०० लेन्स २०० वर असताना फ्रेममधून अख्खं शिखर निघून जायचं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की बॉक्सवरचं आठ किलो, दहा किलो वजन पेलायचं बघू नका, आपल्यापैकी कोण दहा किलोचा कॅमेरा लावणार आहे. दुकानात जाड हातमोजे घालून लॉक उघडून बघा. आणि चार सेक्शनचा मिळत असेल तर तोच घ्या, दुमडल्यावर चार बोटं लांब होईल पण तीन लॉक कमी आणि सगळ्यात खालचा पाय जाड राहतो.

आता चांगलं सांगते, कारण चांगलंही खूप आहे. पाय उघडून एकदा उभा राहिला की हलत नाही. मधली दांडी मात्र वर करायची नाही, अजिबात नाही, ती वर केली की लांब लेन्सला फोटो हलतोच. मधल्या हुकाला बॅग अडकवा असं सगळे सांगतात, पण वाऱ्यात बॅग झुलते आणि ट्रायपॉडला सोबत हलवते, मी बॅग जमिनीला टेकेल एवढी खाली सोडते, त्याने खरंच फरक पडला. कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर, बस. कार्बनचा पाय अॅल्युमिनियमसारखा हाताला चटका देत नाही हाही फायदा थंडीतच समजतो.

दुसऱ्या दिवशी देवरिया ताल, म्हणजे तिथलं डोंगरातलं तळं. सारी गावातून अडीच किलोमीटर चढ, बाबाही आले. वारा सुटायच्या आधी पोचलं तरच पाण्यात चौखंबाचं प्रतिबिंब मिळतं, ७,१३८ मीटरचं शिखर आणि समोर आरशासारखं पाणी. काठाच्या चिखलात एक पाय रोवून कॅमेरा जवळजवळ पाण्याला लावला. बॅटरी ६० टक्क्यांवरून एकदम लाल झाली. थंडीत आतली रासायनिक क्रिया मंदावते म्हणून असं होतं, बॅटरी संपलेली नसते, ऊब मिळाली की परत चालते. मी हात मागे करून म्हटलं, "बाबा, दुसरी द्या ना." त्यांनी स्वेटरच्या आतल्या बंडीच्या खिशातून काढून हातात ठेवली, "घे, कोमट आहे अजून. ती इकडे दे." पुढचा तासभर दोन बॅटऱ्या अशाच आलटून-पालटून चालल्या. बर्फाच्या फ्रेमला एक्सपोजर एक ते दीड स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), नाहीतर कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर पांढऱ्याला राखाडी करतो, माझे चंद्रशिलेचे पहिले दहा-बारा फोटो तसेच मळकट आलेत. आणि हीटरच्या खोलीत शिरण्याआधी बाहेरच कॅमेरा पॉलिथिनच्या पिशवीत घालून तोंड बांधा, दव पिशवीवर धरतं, लेन्सवर नाही.

एक अजून, तिकडे चिनारसारखी लाल-पिवळी झाडं शोधायला जाऊ नका. तिथली बांज आणि बुरांशची झाडं बारा महिने हिरवीच असतात, रंग असतो तो वाळलेल्या बुग्यालांचा, म्हणजे उंचावरच्या कुरणांचा, सकाळच्या तिरप्या उन्हात ते गवत पितळेसारखं चमकतं, मला तेच जास्त आवडलं.

देवरिया तालच्या चिखलाने मात्र घरी आल्यावर त्रास दिला. एक लॉक कचकच वाजायला लागला आणि पाय हळूहळू खाली बसायचा. कंपनीला दोनदा लिहिलं, पार्ट सुटे मिळत नाहीत एवढंच उत्तर आलं. मग ओट्यावर जुना पेपर टाकून पाय खोलला. आत प्लास्टिकच्या दोन अर्धगोल पट्ट्या निघतात, त्या कशा बसल्या होत्या त्याचा आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. रेती जुन्या टूथब्रशने काढली, ग्रीस फक्त आट्यांना लावलं, पट्ट्यांना लावलं तर पाय घसरतो. खालचं एक रबर बर्फात कुठेतरी पडलं होतं, ते इंदूरच्या सियागंज बाजारात म्हाताऱ्यांच्या काठीला लावतात ते रबर घेऊन बसवलं, चपखल बसलं.

डिसेंबरअखेरीस पचमढीला धूपगडावर नेला, १,३५० मीटर, मध्य प्रदेशातला सगळ्यात उंच माथा. गर्दीत कठड्याला चिकटून पाय पसरायला जागा नव्हती तेव्हा उलट हे बारीक, छोटं असणंच कामी आलं. सूर्य खाली गेल्यावर सातपुड्याच्या एकामागे एक निळ्या रांगा धुरकट होत जातात, दरीत गार हवा बसते आणि धूर वर जाऊ देत नाही, त्या वेळी चार सेकंदांचे फोटो एकदम धारदार आलेत.

ट्रायपॉड ठेवलाय, बॉलहेड तेवढं बदललं, जरा मोठं घेतलं, वजन दीडशे ग्रॅम वाढलं. लॉकच्या कड्यांवर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून चढवल्यात, आता हातमोज्यातून पकड येते. पुढच्या कार्तिकात उत्तराखंडातल्या मुन्सियारीला पंचचुली शिखरांसमोर बाबा आणि मी, तेव्हा या पट्ट्या टिकतात का ते इथेच लिहीन.